भीड आणि भरवसा

हैदराबादेतील मराठी घरांत मुलगा अथवा मुलगी बारावीच्या उंबरठ्यावर आली की जी चर्चा सुरू होते, तिच्यातील शब्द गेल्या कित्येक वर्षांत फारसे बदललेले नाहीत. डॉक्टर, इंजिनिअर, बँक, सरकारी नोकरी आणि अलीकडे संगणक कंपनी. यापलीकडे आपल्या मध्यमवर्गीय कल्पनेची धाव सहसा जात नाही. त्यात आश्चर्यही नाही. या शहरात आपल्या मागच्या पिढ्या आल्या त्या बहुशः नोकरीच्या निमित्ताने. कुणी निजामाच्या महसूल खात्यात लागले, कुणी रेल्वेत, कुणी शाळा-कॉलेजांत. पहिल्या तारखेचा पगार हेच सुलतान बाजारापासून बरकतपुऱ्यापर्यंतच्या मराठी वस्तीचे खरे पंचांग होते.

अशा घरातील एखाद्या तरुणाने ‘मी अर्थसल्लागार होणार’ असे म्हटले, की क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी वडीलधारे विचारतात, ‘‘म्हणजे विम्याचा एजंटच ना?’’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, तो सूर वाचकांना परिचित असेल. त्यात थोडी कीव असते, थोडी धास्ती असते, आणि ‘आता हा पहिली पॉलिसी आपल्याच गळ्यात घालणार’ ही शंकाही असते.

त्या प्रश्नाचा आणि त्यामागच्या सुराचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे दोन प्रकारची माणसे सल्ला विचारायला येतात: आयुष्य सुरू करणारे विद्यार्थी आणि नोकरी संपवणारे सहकारी. पहिल्यांना चरितार्थाची वाट हवी असते, दुसऱ्यांना साठवलेल्या पैशाची काळजी असते. या दोघांना जोडणारा पेशा म्हणजे अर्थसल्लागाराचा. आमच्या मते तो करण्याजोगा आहे, आपल्या समाजाला त्याची गरजही आहे. मात्र तो भिडेवर उभा करावयाचा की भरवशावर, याचा निर्णय पहिल्याच दिवशी करावा लागतो.

जुनी वाट

पैशाचा हिशेब आपल्या घरांना नवा नव्हता. हैदराबाद संस्थानात हाली सिक्का आणि कलदार रुपया अशी दोन नाणी चालत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. हाली सिक्का 1959 साली कायमचा रद्द झाला. पुण्या-मुंबईस मनिऑर्डर पाठवावयाची, तर प्रत्येक कुटुंबप्रमुखाला त्रैराशिक मांडावे लागे. पण हिशेब येणे निराळे आणि पैशाविषयी मोकळेपणाने बोलणे निराळे. पैशाची गोष्ट चारचौघांत काढणे असभ्यपणाचे मानले जाई. नवऱ्याची विमापत्रे किती आणि कोठे आहेत, हे पत्नीला त्याच्या पश्चात कळावे, अशी उदाहरणे प्रत्येक मोहल्ल्यात सापडत.

या अबोल समाजात पैशाविषयी बोलण्याची मुभा दोघा-तिघांनाच होती. एक विम्याचा एजंट. तो बहुधा नात्यातला, किंवा दिवसा कुठे नोकरी करून संध्याकाळी सायकलवरून घरोघर फिरणारा असे. दुसऱ्या, पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्या काकू. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना 1972 साली सुरू झाली आणि या कामाची एजन्सी केवळ स्त्रियांना देण्यात आली. त्यामुळे ज्या गृहिणींनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता, त्या दरमहा हातात पासबुकांची चळत घेऊन काचीगुडा, नारायणगुडा हिंडू लागल्या. तिसरी होती भिशी, जिला येथे सर्वत्र चिट्टी म्हणतात. ती चालवणारा शेजारचा माणूस प्रामाणिक असला तर मुलीचे लग्न पार पडे. नसला तर तो रातोरात घर सोडून जाई.

या तिघांत एक गोष्ट समान होती. त्यांचे सारे भांडवल म्हणजे ओळख. आणि ओळखीचे दोन उपयोग होऊ शकतात. पोस्टाच्या काकूंवर लोकांचा भरवसा असे, कारण त्या दर महिन्याला ठरल्या दिवशी येत आणि पै-पैचा हिशेब दाखवीत. नात्यातल्या एजंटाकडून मात्र पुष्कळदा विमा घेतला जाई तो भिडेपोटी. त्याचे वर्षाचे उद्दिष्ट अपुरे राहिले आहे, मार्च महिना आहे, आणि त्याची आई आपल्या आईची मैत्रीण आहे, एवढ्या कारणाने वीस वर्षांचा करार केला जाई. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. येथे मात्र भीक देणारा आणि घेणारा दोघेही तिला विमा म्हणत.

वकील नव्हे, अर्थशास्त्री

वास्तविक या पेशाची मराठी परंपरा लहान नाही. 1913 साली अण्णासाहेब चिरमुले यांनी सातारसारख्या जिल्ह्याच्या गावी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. 1936 साली युनायटेड वेस्टर्न बँकेची स्थापना केली. मुंबईबाहेरच्या सामान्य माणसालाही भवितव्याची तरतूद करता आली पाहिजे, हा विचार त्यात होता.

दुसरे नाव तर हैदराबादकरांना विशेष जवळचे वाटावे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, 19 जानेवारी 1956 रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि त्याची घोषणा त्यांनी स्वतः आकाशवाणीवरून केली. त्या वेळी देशात लहानमोठे मिळून 245 विमा व्यवसायी होते. त्यांतील अनेकांचा कारभार असा होता, की विधवेला पैसे मिळण्याऐवजी कंपनी बुडाल्याची वार्ता मिळे. 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तोवर चिंतामणराव मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून मोकळे झाले होते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी पत्नी दुर्गाबाईंसह आपल्याच या शहरात काढली आणि 2 ऑक्टोबर 1982 रोजी त्यांचे येथेच निधन झाले.

योगायोग असा, की 1999 च्या कायद्यानुसार विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना पुन्हा खुले झाले, त्यावर देखरेख करणारे विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याचे मुख्यालय दिल्लीत वा मुंबईत नव्हे, तर हैदराबादेत आले. देशभरच्या विमा एजंटांसाठीचे नियम ज्या शहरात लिहिले जातात, त्या शहरातील मराठी मुलाला ‘एजंट’ हा शब्द उच्चारताना संकोच वाटावा, हे काही ठीक नाही.

शब्दांचा घोळ

तथापि संकोचाचे एक कारण शब्दांच्या घोळात आहे. एजंट, वितरक आणि सल्लागार ही तीन नावे आपण एकाच अर्थाने वापरतो. कायदा तसे मानीत नाही.

विम्याचा एजंट हा कायद्याने कंपनीचा प्रतिनिधी असतो. दहावी उत्तीर्ण आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ठराविक प्रशिक्षण घेऊन आणि परीक्षा देऊन हे काम करता येते. त्याचे उत्पन्न म्हणजे कंपनीने दिलेले कमिशन. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची परीक्षा द्यावी लागते आणि फंडांच्या संघटनेकडे, म्हणजे ‘ॲम्फी’कडे, नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. त्याचेही उत्पन्न कमिशनच. फंड कंपनी ते देते.

गुंतवणूक सल्लागार हा तिसरा आणि निराळा माणूस. त्याच्यासाठी सेबीने 2013 साली स्वतंत्र नियम केले. तो पदवीधर असावा लागतो, त्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि सेबीकडे नोंदणी करावी लागते. मुख्य म्हणजे तो आपले शुल्क थेट कुटुंबाकडून घेतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर, व्यक्तिशः सल्लागार म्हणून नोंदणी केलेल्याने विक्रीचे कमिशन घ्यावयाचे नाही, असा दंडक आहे. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, जी भाषेच्या विद्यार्थ्याला मौजेची वाटेल: केवळ विक्री करणाऱ्याने स्वतःच्या नावापुढे स्वतंत्र अर्थसल्लागार अशी बिरुदावली लावण्यास मनाई झाली. एका शब्दाच्या अर्थाला कायद्याने कुंपण घालावे लागले, यावरून त्या शब्दाचा केवढा दुरुपयोग होत होता, ते ध्यानी यावे.

तिन्ही कामे प्रामाणिक असू शकतात. परंतु ज्याला या पेशात जावयाचे आहे, त्याने आपण कोणाचे मीठ खातो आहोत, हे आरंभीच स्पष्ट करून घ्यावे आणि समोरच्यालाही सांगावे. वकील पक्षकाराकडून शुल्क घेतो, डॉक्टर रुग्णाकडून घेतो. त्यात कोणाला गैर वाटत नाही. पैशाविषयीच्या सल्ल्याला मात्र पैसे मोजावे लागतात, हे आपल्याला अजून पटत नाही. फुकट सल्ल्याची किंमत आपण निराळ्या मार्गाने मोजत असतो.

थोडे त्रैराशिक

आता चरितार्थाचा प्रश्न. आदर्शाच्या गोष्टींनी घरभाडे दिले जात नाही, म्हणून आकडे मांडून पाहू.

समजा एका तरुणाने वितरक म्हणून काम सुरू केले आणि पहिल्याच महिन्यात वीस कुटुंबांना दरमहा पाच हजार रुपये म्युच्युअल फंडात घालावयास लावले. हे यश लहान नव्हे. वर्षाअखेर बारा लाख रुपये जमतील, परंतु ते हळूहळू जमत असल्याने वर्षभराची सरासरी शिल्लक साडेसहा लाखांच्या आसपास राहील. त्यावर वार्षिक पाऊण टक्का कमिशन धरले, तर पहिल्या वर्षाची कमाई पाच हजारांच्याही आत येते. पाच हजार, महिन्याचे नव्हे, वर्षाचे.

त्याच तरुणाने एका ओळखीच्या गृहस्थांना वार्षिक एक लाख हप्त्याचे पारंपरिक विमापत्र विकले तर? जुन्या विमा कायद्याचे कलम 40 अ अनेक वर्षे असे सांगत होते, की पहिल्या हप्त्यावर पस्तीस टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच टक्के कमिशन द्यावे. म्हणजे एका सहीत पस्तीस हजारांपर्यंत. नियम पुढे बदलले. 2024 च्या ऑक्टोबरपासून आयुर्विमा महामंडळानेही पहिल्या वर्षाचा वाटा कमी करून पुढच्या वर्षांचा वाढवला. तरीही पहिल्या वर्षाचे माप आजही जडच आहे.

भूक लागलेल्या तरुणासमोर हे दोन रस्ते असतात. दुसरा रस्ता लवकर संपतो, कारण काका, मामा, मावशी आणि वर्गमित्र यांची संख्या मर्यादित असते. पहिली दोन वर्षे उद्दिष्टे पुरी करून तिसऱ्या वर्षी कोरड्या विहिरीत पोहरा सोडणारे कितीतरी तरुण आम्ही पाहिले आहेत. लग्नसमारंभात ते दिसले की लोक पंगत बदलतात.

पहिल्या रस्त्याचे पुढचे गणित पाहा. दहा वर्षांनी त्याच्याकडे शंभर कुटुंबे असतील आणि प्रत्येकाची सरासरी शिल्लक आठ लाख असेल, तर एकूण आठ कोटी होतात. पाऊण टक्क्याने वर्षाचे सहा लाख, म्हणजे महिना पन्नास हजार. 2018 च्या ऑक्टोबरात सेबीने म्युच्युअल फंडांतील आगाऊ कमिशन बंद केले. गुंतवणूक जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे थोडे थोडे मिळेल, अशी रीत घातली. गिऱ्हाईक टिकले तरच विक्रेता टिकेल, अशी ही व्यवस्था आहे. शुल्क घेणाऱ्या सल्लागाराचे गणित याहून सरळ: शंभर कुटुंबांनी वर्षाला बारा हजार दिले, तर बारा लाख. अर्थात ती शंभर कुटुंबे शुल्क द्यावयास तयार होईपर्यंत पाच-सात वर्षे निघून जातात.

तेव्हा आमचे सांगणे असे, की या पेशात पडणाऱ्याने तीन वर्षांच्या चरितार्थाची तजवीज आधी करावी. काही काळ नोकरी करावी, पत्नीच्या अथवा पतीच्या पगारावर घर चालणार असेल तर तसे मोकळेपणाने ठरवावे, किंवा एखाद्या जुन्या जाणत्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी. उपाशीपोटी दिलेला सल्ला सहसा शुद्ध राहत नाही.

निवृत्तीची रक्कम

या सल्ल्याच्या शुद्धतेवर काय अवलंबून असते, याचे एक उदाहरण आमच्या शिक्षकवर्गातील आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एक सहकारी बाई निवृत्त झाल्या. ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि भविष्य निर्वाह निधी मिळून आयुष्यात प्रथमच मोठी रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली. चार दिवसांनी बँकेतून एक तरुण घरी आला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. ‘‘बाई, मुदत ठेवीपेक्षा चांगली योजना आहे, तुमच्यासाठी म्हणून आणली,’’ असे म्हणून त्याने पाया पडून कागद पुढे केले. बाईंनी चष्मा न लावता सह्या केल्या. विद्यार्थ्यापुढे अटी वाचत बसणे त्यांना बरे दिसेना.

दुसऱ्या वर्षी नोटीस आली तेव्हा उलगडा झाला. ती मुदत ठेव नव्हती. दहा वर्षे दरसाल पाच लाख भरावयाचे विमापत्र होते. पेन्शनवर ते शक्य नव्हते. कागद पाहून पसंत नसल्यास पॉलिसी परत करण्याची मुदत त्या वेळी पंधरा दिवसांची होती, ती केव्हाच उलटली होती. एकच हप्ता भरून सोडलेल्या विमापत्रावर त्या वेळच्या अटींप्रमाणे काहीही परत मिळाले नाही. बाईंनी तक्रार केली नाही. ‘‘मुलाची नोकरी जाईल,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

नियम आता सुधारले आहेत. परत करण्याची मुदत 2024 पासून तीस दिवसांची झाली आहे, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून निघालेल्या पॉलिसींत एका वर्षाच्या हप्त्यानंतरही काही रक्कम परत मिळण्याची तरतूद आहे. परंतु भिडेला कोणत्याही कायद्याने मुदत घालून दिलेली नाही.

आमच्या पिढीला निदान पेन्शन आहे. आंध्र प्रदेशात 1 सप्टेंबर 2004 नंतर रुजू झालेल्या सरकारी नोकरांना अंशदायी योजना लागू झाली, आणि तेलंगण वेगळे झाल्यावर ती येथेही चालू राहिली. त्यामुळे एकाच शिक्षककक्षात दोन जाती बसतात: ज्यांना निश्चित पेन्शन मिळणार आहे ते, आणि ज्यांचे म्हातारपण बाजारातील शिलकीवर अवलंबून आहे ते. चूक करण्याची मुभा पहिल्यांना थोडीफार होती, दुसऱ्यांना ती मुळीच नाही. खाजगी कंपन्यांतील मुलामुलींची स्थितीही हीच. म्हणून जाणत्या सल्लागाराची गरज आजच्याइतकी पूर्वी कधीच नव्हती.

शहराने शिकवलेले धडे

हैदराबादने आपल्या नागरिकांना या विषयाचे धडे जबर शुल्क घेऊन दिले आहेत. 2001 साली येथील कृषी सहकारी नागरी बँक कोसळली. जादा व्याजाच्या आशेने तेथे पैसे ठेवणाऱ्यांत निवृत्त माणसे होती. त्या काळी ठेवीवरील विम्याची मर्यादा एक लाखाची होती. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती पाच लाख झाली. 2001 च्याच जुलैत, घरोघरी ‘यूएस-64’ म्हणून परिचित असलेल्या युनिट ट्रस्टच्या 1964 सालच्या योजनेची युनिटे परत घेणे एकाएकी थांबवण्यात आले. सरकारी छत्र आहे म्हणजे धोका नाही, या समजुतीला तो पहिला धक्का.

7 जानेवारी 2009 रोजी ‘सत्यम’च्या अध्यक्षांनी हिशेबातील हजारो कोटींच्या खोटेपणाची कबुली दिली आणि त्या कंपनीच्या शेअरचा भाव एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक खाली आला. ‘आपल्या गावची कंपनी’ म्हणून सारी पुंजी तिच्यात घातलेली घरे आम्हांला ठाऊक आहेत. पुढे 22 नोव्हेंबर 2019 रोजी सेबीने याच शहरातील ‘कार्वी’ या मोठ्या दलाल पेढीला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ग्राहकांचे शेअर गहाण टाकून पेढीने कर्जे उचलल्याचे आढळले होते. ग्राहकांनी खाते उघडताना सह्या करून दिलेल्या मुखत्यारपत्रांनी हे सुलभ झाले होते.

या चारही प्रसंगांत लोकांनी पैसे ठेवले ते ओळखीवर: बँकेच्या, सरकारच्या, गावच्या, पेढीच्या ओळखीवर. अशा वेळी सल्लागाराचे काम कोणते? भविष्य वर्तवणे हे खासच नव्हे. ‘सत्यम’ बुडेल हे कोणालाही आधी सांगता आले नसते. पण एका शेअरमध्ये, एका बँकेत, एका पेढीत सारे ठेवू नका, हे कोणालाही सांगता आले असते. चांगला सल्ला हा बहुधा असाच साधा आणि कंटाळवाणा असतो, म्हणून तो विकणे कठीण.

एका माजी विद्यार्थ्याची वाटचाल

आमचा एक माजी विद्यार्थी गेली वीस वर्षे हा पेशा करीत आहे. वडील रेल्वेत कारकून, घर काचीगुड्यात, गणितात तो मध्यम, पण वही स्वच्छ. बी.कॉम. झाल्यावर त्याने विम्याची एजन्सी घेतली, पुढे म्युच्युअल फंडाची परीक्षा दिली. आरंभीच त्याने दोन नियम स्वतःला घालून घेतले. पहिली तीन वर्षे नातेवाइकांना काही विकावयाचे नाही, आणि कमिशनातला वाटा कुणाला परत द्यावयाचा नाही. ‘‘पहिला हप्ता तू भर, मग घेतो पॉलिसी,’’ असे म्हणणारे प्रतिष्ठित गृहस्थ त्याला बरेच भेटले. विमा कायद्याचे कलम 41 अशी सूट देण्यास व घेण्यास मनाई करते आणि आता त्याला दहा लाखांपर्यंत दंड आहे, हे तो नम्रपणे सांगे. ते गृहस्थ दुसऱ्याकडे जात.

तो कोणत्याही घरी गेला की प्रथम विचारी, ‘‘तुमचे कागद कोठे आहेत?’’ मग लोखंडी कपाटातील पेटी निघे. जुनी विमापत्रे, पोस्टाची पासबुके, शेअरचे पिवळे पडलेले दाखले. त्या सर्वांची तो एका कागदावर यादी करून देई, वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते तपासून पाही, आणि काही न विकता परत येई. लग्नापूर्वी घेतलेल्या विमापत्रावर आईचे नाव, आई निवर्तलेली, आणि पत्नीचे नाव कोठेच नाही, असे त्याला घरोघर आढळे. कमावत्या माणसाला तो आधी स्वस्तातला मुदत विमा सांगे, ज्यात जिवंत राहिल्यास काहीच परत मिळत नाही. मग आरोग्य विमा. मग सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. गुंतवणुकीचा विषय चौथा. ‘काहीच परत मिळत नाही’ या शब्दांवर बहुतेकांचे मन बसत नसे आणि त्यालाही त्यात फारसे सुटत नसे.

पाच-सहा वर्षे त्याची ओढाताण झाली. त्याच्याबरोबर सुरुवात केलेल्यांनी मोटारी घेतल्या, हा स्कूटरवरच. मग 2021 चा करोनाचा उन्हाळा आला. त्याच्या यादीतील तीन घरांतील कर्ते पुरुष पंधरवड्याच्या आत गेले. त्या तीनही घरी पत्नीला कपाट उघडून एक कागद काढावयाचा होता. मृत्यूचे दाखले, दाव्याचे अर्ज, बँकांची पत्रे ही सारी कामे त्याने केली, एक पैसाही न घेता. तिन्ही दावे मंजूर झाले. त्यानंतर त्याला कोणाच्या घरी जावे लागलेले नाही. लोक त्याच्याकडे येतात. मराठी घरांतून त्याचे नाव तेलुगू शेजाऱ्यांपर्यंत पोहोचले, आणि दखनी बोलणाऱ्या जुन्या शहरातही गेले. तिन्ही भाषांत हिशेब समजावून सांगता येतो, ही हैदराबादच्या मराठी मुलाची पिढीजात मिळकत त्याच्या कामी आली.

आम्ही त्याला एकदा विचारले, की या धंद्यातले सर्वांत कठीण काम कोणते? तो म्हणाला, ‘‘सर, ‘हे घेऊ नका’ असे सांगून चहा पिऊन घरी परत येणे. विशेषतः त्या महिन्याचे भाडे थकलेले असताना.’’

घरांचे कर्तव्य

एवढ्यावरून कोणी असे समजू नये, की सारा भार तरुणांच्या सचोटीवर टाकून आपण मोकळे. सचोटीचा सल्लागार टिकावा असे वाटत असेल, तर समाजानेही काही शिस्त पाळली पाहिजे. समोर बसलेला आपला भाचा असो की जुना विद्यार्थी, त्याला तीन प्रश्न संकोच न करता विचारावेत. तुला यात काय मिळते? हे मध्येच सोडले तर माझे किती जाते? आणि मी नसताना घरच्यांनी कोणाकडे जावयाचे? जो खरा सल्लागार आहे, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याने ते न विचारताच सांगितलेले असते. कोणताही कागद घरी ठेवून घेऊन दोन दिवसांनी सही करावी. सल्ल्याचे शुल्क मागितले तर भुवया उंचावू नयेत. नोंदणी क्रमांक मात्र अवश्य पाहावा, तो सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. आणि कमिशनात वाटा मागू नये. मागणारा स्वतःच त्या तरुणाला लबाडीची पहिली शिकवणी देत असतो.

ज्यांच्या घरातील मुलगा अथवा मुलगी हा पेशा निवडू पाहते आहे, त्या पालकांना आमची विनंती आहे, की त्यांना हसू नका आणि घाईही करू नका. मुलींना तर आम्ही आवर्जून सांगू, की पोस्टाच्या काकूंनी घालून दिलेली वाट तुमची आहे. घरातील स्त्रीशी पैशाविषयी बोलणारे माणूस आजही दुर्मीळ आहे. मुलाने पहिल्या वर्षी पाच हजार मिळवले तर त्याला नोकरीच्या जाहिराती दाखवू नका. त्याने किती घरांतील कागद नीट लावून दिले, ते विचारा. आणि त्याने पहिले गिऱ्हाईक म्हणून तुमच्याकडेच विमापत्र आणले, तर तेही चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, न पटल्यास परत करा. घरातून असा नकार त्याला एकदा मिळाला, की बाहेरच्या नकारांची त्याला भीती राहणार नाही, आणि दुसऱ्याच्या भिडेचा फायदा घेण्याची इच्छाही होणार नाही.